‘कुरसुरा’ पंधरा मिनिटांत बघून होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत विशाखापट्टणमची माहिती हमखास येते. अराकू खोरे, बोरा गुहा, सिंहाचलम यांना रकाने मिळतात आणि आयएनएस कुरसुरा या पाणबुडीच्या वाट्याला शेवटची एखादी ओळ येते. इथून तिकडे जाणारी कुटुंबे आणि शाळांच्या सहली मग ती तशीच उरकतात. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये दहा-पंधरा मिनिटे. घरी आल्यावर ‘केवढीशी जागा’ आणि ‘किती ते पाइप’ एवढेच आठवते. १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर असलेली पाणबुडी आतून बघायला मिळते, आणि ती अशी हातची घालवली जाते, याचे वाईट वाटते. म्हणून ती कशी बघावी, कुठे रेंगाळावे आणि काय विचारावे, हे जरा सविस्तर लिहीत आहे.

कुरसुरा १८ डिसेंबर १९६९ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील रिगा येथे आपल्या नौदलात दाखल झाली. कलवरी, खांदेरी, करंज आणि कुरसुरा या पहिल्या चौघी. (खांदेरी हे नाव शिवरायांच्या जलदुर्गावरून आलेले आहे, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.) नाटोने या जातीला ‘फॉक्सट्रॉट’ असे नाव दिले होते. कुरसुराने ३१ वर्षांच्या सेवेत ७३,५०० सागरी मैल कापले, २७ फेब्रुवारी २००१ रोजी ती निवृत्त झाली आणि ऑगस्ट २००२ पासून रामकृष्ण बीचवर प्रेक्षकांसाठी खुली आहे.

तिकीट काढून थेट शिडीकडे धावू नका. आधी पाच मिनिटे बाहेर उभे राहून पूर्ण लांबी नजरेत घ्या. ती ९१.३ मीटर लांब आहे. पाण्यावर तरंगताना तिचे वजन सुमारे १,९५० टन भरते, बुडाल्यावर २,४७५ टन. या दोन आकड्यांतल्या पाचशे टनांच्या फरकात बुडी मारण्याची सगळी युक्ती आहे. आपल्याला दिसते ते बाहेरचे, पातळ पत्र्याचे कवच. त्याच्या आत जाड पोलादाचे दुसरे कवच असते. माणसे, इंजिने, बॅटऱ्या सगळे त्यात. दोन्हींच्या मधल्या पोकळीत बॅलास्ट टाक्या असतात. टाक्यांच्या माथ्यावरचे व्हॉल्व्ह उघडले की हवा वरून निसटते, खालून समुद्र आत शिरतो आणि पाणबुडी खाली जाते. वर यायचे असेल तर माथ्यावरचे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि चौरस सेंटिमीटरला २०० किलो दाबाने साठवलेली हवा टाक्यांत सोडायची. ती पाण्याला आल्या वाटेने बाहेर ढकलते. बाहेरच्या पत्र्यावर ओळीने भोके दिसतात, ती मुद्दाम ठेवलेली असतात. डेकखालच्या मोकळ्या जागेत पाणी झटकन भरावे आणि वर येताना झटकन निथळावे, यासाठी. ही भोके नसती तर बुडी मारताना तिथे हवा अडकून राहिली असती.

आत एकामागे एक असे सात कप्पे आहेत. दोन कप्प्यांच्या मधले दार गोल आणि अरुंद असते. आधी पाय, मग डोके खाली घालून अंग पलीकडे न्यावे लागते. दार मोठे केले असते तर त्या मधल्या भिंतीची ताकद गेली असती. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे जमिनीवर आपल्यावर असलेल्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. ही पाणबुडी साधारण २५० मीटरपर्यंत जाऊ शकत असे. तिथे एका चौरस मीटरवर २५० टन भार पडतो, तळहाताएवढ्या जागेवर साडेतीन टनांच्या पुढे. तेवढ्या खोलीवर एक सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले तर मिनिटाला सुमारे २०० लिटर पाणी आत येते. म्हणून एक कप्पा गेला तरी बाकीचे वाचावेत अशी रचना, आणि धोक्याचा इशारा झाला की दारे लगेच बंद करण्याची शिस्त.

टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून जहाजावर सोडायचे स्फोटक अस्त्र; त्यांच्या कप्प्यात सर्वांत जास्त वेळ द्या. पुढे सहा नळ्या, मागे चार. एकूण २२ टॉर्पेडो, किंवा त्यांच्याऐवजी ४४ सुरुंग नेता येत. टॉर्पेडोचा व्यास ५३ सेंटिमीटर, वजन दोन टनांच्या आसपास, आणि त्याच कप्प्यात नौसैनिकांची झोपायची बाके. नळीला दोन दारे असतात: आतले कप्प्यात उघडते, बाहेरचे समुद्रात. टॉर्पेडो आत सरकवून आतले दार बंद करायचे, नळी पाण्याने भरायची, आतला आणि बाहेरचा दाब सारखा करायचा, मग बाहेरचे दार उघडायचे आणि दाबाच्या हवेने टॉर्पेडो बाहेर लोटायचा. ती हवा टॉर्पेडोमागोमाग बाहेर गेली तर पाण्यावर मोठा बुडबुडा फुटून जागा उघडी पडते. म्हणून ती आत परत घेतली जाते. शिवाय दोन टन वजन एकदम कमी झाल्याने नाक वर उचलले जाते, ते सावरायला तेवढ्याच वजनाचे पाणी लगेच आत घ्यावे लागते.

दोन्ही दारे एकाच वेळी उघडू नयेत म्हणून त्यांच्यात अडसर असतो, आणि नळीत पाणी आहे की नाही हे बघायला दारावर एक छोटा कॉक म्हणजे तोटी असते. तो कॉक उघडला आणि पाणी आले नाही, की नळी रिकामी असे समजायचे. ब्रिटिश पाणबुडी ‘थेटिस’ १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी गेली, तेव्हा एका नळीच्या दारावरच्या कॉकचे बारीक भोक रंगाने बुजले होते. पाणी येईना, म्हणून आतले दार उघडले गेले. बाहेरचे दार आधीच उघडे होते. ९९ माणसे गेली, चौघे वाचले. कुरसुरातल्या त्या पितळी दारासमोर उभे राहून मुलांना एवढे सांगितले तरी ते दार त्यांच्या कायमचे लक्षात राहील.

अधिकाऱ्यांच्या केबिनसमोरच्या बोळातून जाताना पायाखाली बघा. तिथे आणि पलीकडच्या नौसैनिकांच्या कप्प्याखाली मिळून बॅटरीचे ४४८ सेल होते, ११२ चे चार गट. पाण्याखाली पाणबुडी चालते ती याच शिशाच्या बॅटरीवर, आणि तिच्या सगळ्या मर्यादाही इथेच आहेत. दोन नॉटच्या (ताशी दोन सागरी मैलांच्या) संथ चालीने ३८० सागरी मैलांपर्यंत जाता येत असे; तेच पूर्ण वेगाने पळाले तर तासाभरात बॅटरी संपते. त्यामुळे कप्तानाला प्रत्येक क्षणी हिशेब करावा लागतो: आता पळालो तर नंतर लपायला काय उरेल? चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून बॅटरीच्या खणातली हवा सतत खेचून काढावी लागते. आणि समुद्राचे पाणी बॅटरीपर्यंत पोहोचले तर क्लोरिन हा विषारी वायू तयार होतो. पाणबुडीत पाणी शिरले म्हणजे फक्त बुडण्याची भीती असते, असा अनेकांचा समज असतो. पण थोडेसे पाणी चुकीच्या ठिकाणी गेले तरी माणसे गुदमरतात.

बॅटरी भरायला डिझेल इंजिने लागतात आणि डिझेलला हवा लागते. इंजिनांच्या कप्प्यात प्रत्येकी २,००० अश्वशक्तीची तीन इंजिने आहेत. ती चालवायला पाणबुडी पाण्यावर यायला हवी, किंवा पेरिस्कोपच्या खोलीवर राहून स्नॉर्केल म्हणजे हवेची नळी वर काढायला हवी. लाट नळीवरून गेली की तिच्या तोंडाचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. इंजिने मात्र चालूच असतात. ती मग पाणबुडीतलीच हवा ओढू लागतात. दाब घसरतो, सगळ्यांचे कान दुखतात, आणि व्हॉल्व्ह लवकर उघडला नाही तर इंजिने बंद करावी लागतात. खवळलेल्या समुद्रात हे तासन्‌तास चालते. शिवाय डिझेलच्या आवाजात आपल्याला बाहेरचे काही ऐकू येत नाही, आणि शत्रूला आपण ऐकू येतो. पलीकडे मोटरींचा कप्पा आहे: पाणबुडीचे पंखे फिरवणाऱ्या तीन शाफ्टसाठी (दांड्यांसाठी) तीन मोटरी, मधली सर्वांत मोठी, २,७०० अश्वशक्तीची. तिथे फार रेंगाळले नाही तरी चालेल.

नियंत्रण कक्षात गर्दी होते, कारण प्रत्येकाला पेरिस्कोपजवळ फोटो हवा असतो. फोटो काढा, पण व्हॉल्व्हच्या चक्रांकडेही नीट बघा. सगळ्यांचे आकार सारखे नसतात. वीज गेली, अंधार झाला, धूर भरला तरी हाताला आकारावरून चक्र ओळखू यावे, यासाठी ते वेगवेगळे ठेवलेले असतात. तिथे मार्गदर्शकाला ‘ट्रिम’ म्हणजे काय ते विचारा. पाण्याखाली पाणबुडीचे वजन आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन काट्यावर जुळले पाहिजे, आणि ते सतत बिघडत असते. इंधन खर्च झाले की त्याच्या जागी समुद्राचे पाणी भरले जाते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून १०० घनमीटर इंधन जळले की पाणबुडी हलकी होण्याऐवजी सुमारे १८ टनांनी जड होते. दहा माणसे जेवायला एका टोकाकडून दुसरीकडे गेली तरी नाक हलते. बंगालच्या उपसागरात तर आणखी एक अडचण आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी उत्तरेकडे समुद्रावर पसरते, आणि गोड्या पाण्याची उचल कमी. घनता एक टक्क्याने उतरली तर या पाणबुडीला २५ टनांचा फरक जाणवतो. तेवढे पाणी पंपाने बाहेर काढायला लागतेच. अरबी समुद्रातला हिशेब इकडे चालत नाही.

राहण्याच्या सोयींबद्दल थोडक्यात. सत्तर-पंचाहत्तर माणसे, बाके त्याहून कमी, म्हणून एकाची पाळी सुरू झाली की दुसरा त्याच ऊबदार बाकावर झोपणार. इंजिनांच्या कप्प्यात कमालीचा उकाडा. गोडे पाणी मोजून. शौचालयाच्या व्हॉल्व्हकडे पाहून मुले हसतात. त्यांना सांगावे की खोलवर समुद्राच्या दाबाविरुद्ध ते चालवायला ठरलेला क्रम असतो, आणि एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीची यू-१२०६ ही पाणबुडी त्याच क्रमातल्या चुकीमुळे गमवावी लागली. पाणी आत आले, बॅटरीपर्यंत गेले, क्लोरिन झाला आणि भर शत्रूच्या टप्प्यात वर यावे लागले.

सुटकेचा मार्ग हाही विचारण्यासारखा प्रश्न. बुडालेल्या पाणबुडीतून टॉर्पेडोच्या नळीतूनही बाहेर पडता येते. माणसे विशेष पोशाख घालून नळीत शिरतात, नळी पाण्याने भरून दाब सारखा केला जातो आणि बाहेरचे दार उघडते. वर येताना श्वास रोखून धरणे हीच सर्वांत मोठी चूक. ३० मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत चौपट होते. ती सोडत राहिले नाही तर फुप्फुस फाटते. माणसाची स्वाभाविक ओढ श्वास धरण्याची असते, म्हणून याचा सराव पाण्याच्या उंच टाकीत करून घेतात.

आता जाण्यासंबंधी. संग्रहालय सोमवारी बंद असते. इतर दिवसांच्या वेळा निघण्याआधी विचारून घ्याव्यात, आणि जमल्यास रविवार टाळावा; मागून रेटा आला की कुठेच थांबता येत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी, बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी आणि तान्ही मुले कडेवर असलेल्यांनी आधी विचार करावा, कारण मध्येच मागे फिरणे अवघड असते. पाठीवरची सॅक बाहेर ठेवा. ती डायलच्या काचांना आणि मागच्या माणसाच्या तोंडाला लागते. पायात घट्ट, न घसरणारे बूट असावेत. शाळेची पन्नास मुले एकदम आत सोडू नयेत, दहा-बारांचे गट करावेत, कारण गोल दारातून एका वेळी एकच मूल जाते आणि शेवटच्या मुलापर्यंत बोलणे पोहोचतच नाही. तिथले मार्गदर्शक निवृत्त नौसैनिक आहेत. पाठ केलेले दोन मिनिटांचे वर्णन ऐकून पुढे सरकू नका. ‘स्नॉर्केलिंग करताना कान किती दुखत?’, ‘ट्रिम बिघडली तर आधी काय करायचे?’ असा नेमका प्रश्न विचारला की त्यांच्याकडून जे ऐकायला मिळते ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते.

बाहेर आल्यावर समुद्राकडे तोंड करून थोडे बसा. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री याच बंदराच्या तोंडाशी बुडाली; तिचे अवशेष अजून तिथेच तळाशी आहेत. त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ती हंगोर आज कराचीच्या सागरी संग्रहालयात उभी आहे. पाणबुडी किती माणसांना घेऊन बुडते आणि किती माणसांना बुडवते, हे दोन्ही मुलांना कळायला हवे. नुसत्या ‘बघा केवढी मोठी’ने ते कळत नाही.

एक मुद्दा जतनाचा, आणि तो मला सर्वांत तळमळीचा वाटतो. आपल्या मुंबईत ‘विक्रांत’ काही वर्षे पाण्यावर तरंगते संग्रहालय होती. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. कुरसुराच्याच जातीची रशियन पाणबुडी बी-३९ अमेरिकेत सॅन दिएगोच्या बंदरात पाण्यात ठेवलेली होती. पत्रा गंजत गेला आणि २०२२ मध्ये तीही तोडण्यासाठी नेली गेली. कुरसुरा कोरड्यावर आणली गेली, हा निर्णय म्हणूनच मोलाचा होता. शिकागोत १९५४ पासून उघड्यावर असलेली जर्मन यू-५०५ तर २००४ मध्ये चक्क छपराखाली नेली गेली, कारण पाऊस आणि थंडीने ती पोखरली जात होती.

कोरड्यावर आणले म्हणजे काम संपले असे नाही. पाण्यात असताना पाणबुडीला सगळ्या बाजूंनी आधार असतो. जमिनीवर सगळा भार मोजक्या टेकूंवर येतो, म्हणून टेकू आतल्या बळकट कड्यांच्या बरोबर खाली असावे लागतात. समुद्रावरचा वारा रात्रंदिवस मीठ आणतो. दोन कवचांच्या मधल्या पोकळीत पावसाचे पाणी साचते, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग ताजा दिसतो तेव्हाही आत पत्रा कागदाएवढा उरलेला असू शकतो. पितळेचे व्हॉल्व्ह पोलादाला जिथे टेकतात तिथे पोलाद आधी झिजते. आतली हवा कोरडी ठेवावी लागते, कारण हजारो माणसांच्या श्वासाची आणि घामाची वाफ रोज त्या थंड भिंतींवर बसते. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले होते. किनाऱ्याची वाळूही सारखी खचत असते. आपल्याकडे एखादी निवृत्त नौका संग्रहालयासाठी मागताना दरवर्षीचा रंग, निचरा आणि पत्र्याची जाडी मोजण्याचा खर्च पहिल्या दिवशीच ठरवलेला असावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. उद्घाटनाच्या खर्चाची तरतूद नेहमी होते, दहाव्या वर्षाची होत नाही.

प्रेक्षकांनीही एवढे करावे: चक्रे फिरवू नयेत, डायलवर बोट ठेवू नये, रंगावर नावे कोरू नयेत. खरवडलेल्या रेघेतून खारी हवा आत शिरते आणि गंज तिथून पसरतो.

शेवटी आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी पर्यटन पुरवणीत कुरसुराचा फोटो छापाल तेव्हा त्याच्या शेजारी सात कप्प्यांची आडवी आकृती छापावी: पुढच्या टॉर्पेडो नळ्या, पायाखालची बॅटरी, नियंत्रण कक्ष, इंजिने, मोटरी, मागच्या नळ्या, आणि बाहेरून बॅलास्ट टाक्या. वर्तमानपत्राचे ते पान घडी करून खिशात मावते, आणि आत मोबाइलला रेंज नसली तरी ते वाचता येते.

आपला,
एक वाचक